पाखरांनी सोडलेली जागा

१

सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी मागचं दार उघडायचं. खापरातलं शिळं पाणी शेवग्याला ओतायचं, ताजं भरायचं, मूठभर बाजरी फेकायची आणि दारात बसून राहायचं. हलायचं नाही. हे काम अक्काचं होतं. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं आणि ते माझ्याकडे आलं.

अक्का म्हणजे दिपमाला, माझी मोठी बहीण. मी सातवीत शाळा सोडली, ती बारावीपर्यंत शिकली. एरंडोलच्या या टोकाला आमचं घर शेवटचं. मागच्या अंगणात एक निंब, एक शेवगा, धुण्याचा दगड. मग तारेचं कुंपण, त्यापलीकडे नाला. एवढ्याशा जागेत तिला काय दिसायचं कोण जाणे. दिवाळी सरली की म्हणायची, "भटू, पाहुणे येतील आता." आणि यायचे. पांढरे धोबी यायचे, शेपटी वरखाली करत. थिरथिरा यायचा, अंगाने काळा, पोटाला विटकरी, आणि शेपूट अशी थरथरती की याला हिव भरलंय असं वाटावं. भोरड्या यायच्या, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, झुंडीच्या झुंडी. होळी झाली, ऊन तापलं, की एकेक निघून जायचे. कुठे जातात विचारलं तर अक्का उत्तरेकडे हात करायची. "सातपुड्याच्या पल्याड. अजून पल्याड."

पाखरू ओळखायची तिची रीत वेगळी होती. "रंग काय, मादीचा वेगळा, पिल्लाचा वेगळा. तो तुला किती जवळ येऊ देतो ते बघ." अनवाणी पावलं मोजायची. माझ्यापासून धोबी सहा पावलांवर उडायचा, थिरथिरा नऊ. अक्का बसली असली तर तोच थिरथिरा तिच्यापासून दोन पावलांवर दाणे टिपायचा. चिमण्या ती यात धरायचीच नाही. "चिमण्या घरच्या झाल्या. त्या कोणालाच घाबरत नाहीत."

पिंप्राळ्याहून रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा. "कोन उना, कोन गया?" मी सांगायचो, दोन धोबी, एक थिरथिरा. तिच्या सासरी मागे अंगण होतं, तिथेही तिने खापर ठेवलं होतं. पण चिमण्यांशिवाय काही उतरत नाही म्हणायची. सहा वर्षांत एकही पाहुणा नाही. मी म्हणायचो, कॉलनी आहे ती, दिवसभर गाड्या, कसे येतील?

माघात ती वारली. ताप आला, चार दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी फोन आला तो बरोबर सातला आला, म्हणून मी "दोन धोबी" असं म्हणतच उचलला. पलीकडे नीलेश दाजी होते.

२

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात उभा राहतो, पाणी पितो, आणि म्हणतो, चाल, लेवाले उनू, म्हणजे न्यायला आलो. मग बहीण पिशवी उचलते. मुराळ्याशिवाय आलेली लेक म्हणजे भांडून आलेली लेक, असं गल्लीत समजतात.

संक्रांतीनंतर अक्काने मला विचारलं होतं, "भटू, मला चार दिवस घेऊन जातो का रे?" त्या वेळी आमचं बिनसलं होतं. मी एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली मारली होती आणि ती मला फोनवर बोलली होती. मी म्हणालो, "आखाजीले येसू मुराळी. तोवर थांब तठेच."

ती थांबली नाही.

फाल्गुनातली गोष्ट. मी छोटा हत्ती चालवतो. त्या दिवशी जळगावच्या बाजारात माल उतरवला आणि गाडी रिकामी घेऊन निघालो. पिंप्राळ्याचा फाटा आला आणि माझ्या हाताने स्टिअरिंग वळवलं. विचार करून केलं असं नाही. मी विचार करून काहीच करत नाही, अक्का हेच म्हणायची.

लताबाई, म्हणजे अक्काच्या सासूबाई, गहू निवडत होत्या. "भटू? ये बाबा. बस."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. समोरच्या भिंतीवर हार घातलेले दोन फोटो होते. एक अक्काचा, नवा. दुसरा रत्नाचा, जुना. रत्ना ही दाजींची पहिली बायको. आठ वर्षांपूर्वी गेली. तिच्या माहेराहून कधी कोणी तिला न्यायला आलं नाही, असं अक्का एकदा म्हणाली होती. होतं कोणी तरी, पण आलं नाही.

लताबाईंनी डाव्या कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणला. मी पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला आणि घरात बघून म्हणालो, "चाल. लेवाले उनू."

लताबाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं. "काय बोलतोस रे? कोणाला न्यायला आलास?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"भटू, बाळा, बस जरा. नीलेशला बोलावते मी."

"नको. दाजींना काही सांगायचं नाही मला."

नाव मी घेतलं नाही. मुराळी नाव घेत नाही, जिचं तिला कळतंच. लताबाईंनी मायसाठी अक्काच्या चार साड्या एका पिशवीत घालून ठेवल्या होत्या, ती त्यांनी रडत माझ्या हातात दिली. मी गाडीचं डावीकडचं दार उघडलं. साडी सावरून चढायला बाईमाणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबलो. मग दार लावलं.

पाळधीला उसाचा रस घेतला. दोन ग्लास सांगितले. दोन्ही मीच प्यालो.

पुढच्या दाराने जायची हिंमत झाली नाही. माय महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. माझ्या हातात ती पिशवी बघून तिचं काय झालं असतं? म्हणून गाडी नाल्याच्या बाजूने नेली, पिशवी कुंपणावरून आत ठेवली. दार उघडून म्हणालो, "उतर अक्का. उनं आपलं घर."

३

दुसऱ्या दिवशी भोरड्यांची झुंड अंगणात उतरली. चाळीस-पन्नास तरी असतील. पाण्यासाठी एवढी भांडाभांड की कान किटले. मी दारात बसून बघत होतो आणि काही तरी चुकतंय असं वाटत होतं. काय ते कळायला वेळ लागला.

कुंपणाजवळ, जिथे मी पिशवी ठेवली होती, तिथे एकही भोरडी नव्हती. सगळं अंगण गुलाबी आणि काळं झालेलं, आणि तेवढा एक गोल मोकळा. भाकरीतून वाटीने कापून काढावा तसा. बाजरी तिथेही पडलेली होती. एकमेकींच्या डोक्यावर पाय देत होत्या, पण त्या गोलात कोणी पाय टाकत नव्हतं.

मांजर असेल म्हणून गेलो. भोरड्या उडाल्या. मांजर नव्हतं. मग म्हटलं साप. पिशवी उचलून झटकली, काठीने जमीन ठोकली, कुंपणालगतचं गवत उपटलं. बीळ नव्हतं. साड्या घरात नेऊन कपाटात ठेवल्या. आता वास गेला असेल, असं मनाशी म्हटलं. कसला वास, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही गोल तिथेच होता. धोबी चालत चालत यायचा, एका जागी अडायचा, आणि वळसा घालून पुढे जायचा. थिरथिराही तसंच. मी पावलं मोजली. मधून कडेपर्यंत नऊ. चिमण्या मात्र त्यातून खुशाल फिरत होत्या. म्हणजे काही नाही, मी म्हणालो. काही असतं तर चिमण्यांना कळलं नसतं?

शेजारच्या झुंबरबाई कुंपणावर गोधडी वाळत घालायला आल्या. मी पावलं मोजताना त्यांनी पाहिलं.

"काय मोजी ऱ्हायना रे? प्लॉट पाडस का आते?"

त्यांना काय सांगायचं? पण तोंडातून निघून गेलं. पिंप्राळ्याला गेलो होतो ते, आणि काय बोललो तेही. झुंबरबाईंचं हसू गेलं. गोधडी त्यांनी परत खांद्यावर घेतली.

"ज्याले मसनमा पोचाडं, त्याले लेवाले जातस का रे भटू?"

एवढंच बोलल्या. त्यानंतर त्यांनी आमच्या कुंपणावर गोधडी घातली नाही.

४

पाडव्याच्या सुमाराला गोल सरकला. कुंपणापासून निघून शेवग्यापर्यंत आला. मग चार दिवसांनी धुण्याच्या दगडापाशी. कधी सरकायचा ते दिसायचं नाही. मी बसलेलो असताना तो एका जागी असायचा, सकाळी दार उघडलं की पुढे आलेला असायचा. पाखरं येईपर्यंत मात्र अंगण साधं अंगण. दगड, साबणाचा तुकडा, दोरीवर माझा शर्ट. पाखरं उतरली की मग कळायचं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. धुण्याच्या दगडावर बसूनच अक्का पाखरं बघायची. लग्नाआधी त्या दगडावरून तिला उठवायला मायला हाका माराव्या लागायच्या.

मी मायला सांगितलं. सांगायला नको होतं.

माय, म्हणजे यशोदाबाई, अक्का गेल्यापासून दिवसाला अर्धी भाकरी खात होती. तीही मी समोर बसलो तर. केस विंचरले नव्हते. मी तिच्या खाटेजवळ बसलो आणि म्हणालो, "माय, अक्का मागला अंगणमा शे."

ती कुशीवर वळली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच मान खाली घातली.

"कोठे?"

मी तिला धरून मागच्या दारात आणलं. दोन धोबी होते. त्यांनी दगडाला वळसा घातला, एकाने उजवीकडून, एकाने डावीकडून, आणि पलीकडे पुन्हा एकत्र झाले. मायने पाहिलं. तिथेच दारात खाली बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "माले फणी दे रे."

त्या दिवसापासून माय उठली. केस विंचरून दारात बसायची, तांदूळ दारातच निवडायची. दुपारी भाकरी टाकायची आणि पहिली भाकरी माझ्या ताटात न घालता बाजूला ठेवायची. महिनाभर मी जे करून बघितलं, डॉक्टर, मामा, देवाचा अंगारा, त्यातलं काहीच चाललं नव्हतं. दोन धोब्यांनी वळसा घातला आणि माय जेवली.

"आज कोठे बठेल शे?" ती रोज विचारायची. तिची नजर अधू, तिला पाखरांची ती कड नीट दिसायची नाही. मी बोट दाखवायचो. "दगडावर." मग ती दगडाशी बोलायची. गल्लीतलं, नात्यातलं, कोणाचं लग्न जमलं. हसायचीसुद्धा.

एक गोष्ट माझ्या मनात होती आणि ती मी मनातल्या मनात सरकवून ठेवत होतो. अक्कापासून थिरथिरा दोन पावलांवर यायचा. हा नऊ पावलांच्या आत येत नव्हता. अनोळखी माणसापासून राहतो तेवढाच लांब. आणि नऊ पावलांवर उभा राहून दगडाकडे बघताना त्याची शेपूट नेहमीपेक्षा जास्त थरथरायची.

मेलेल्या माणसाला पाखरं ओळखत नसतील, असं मी म्हणायचो. मला काय कळतं?

५

चैत्र संपत आला तसे पाहुणे निघाले. आधी एक धोबी गेला, दोन दिवसांनी दुसरा. भोरड्यांची झुंड एका सकाळी नाल्यावरच्या उंबरावर बसली, कलकलाट केला आणि उत्तरेकडे गेली ती परत आली नाही. एक थिरथिरा तेवढा राहिला.

तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. इतके दिवस ती कुठे आहे हे मला पाखरांमुळे कळत होतं. झुंड असताना गोल पुरा दिसायचा. धोबी होते तोवर दोन्ही बाजू कळायच्या. आता एका पाखरावरून अंदाज बांधायचा. थिरथिरा दगडापासून नऊ पावलांवर असला तर ती दगडावर. दगडाजवळ आला तर ती सरकली. आणि उद्या तोही गेला तर?

आखाजीच्या चार दिवस आधी लताबाईंचा फोन आला.

"कशी आहे यशोदाबाईंची तब्येत?"

"जेवते आता. बरी आहे."

"देवाची कृपा. भटू, तू त्या दिवशी आलास ना, मी तुझ्यावर रागावले होते. पण खरं सांगू? तू येऊन गेलास आणि आमच्या घरात शांत झालं. तुझ्या दाजींनाही झोप लागते. मला तर आठ वर्षांत पहिल्यांदा अशी झोप लागली बघ."

मी म्हणालो, "मावशी, अक्काला जाऊन तीनच महिने होतात."

त्या घाईने म्हणाल्या, "हो रे. मी आपलं असंच म्हणाले. कुकर लावलाय, ठेवते."

मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. मागच्या दारातून मायचा आवाज येत होता. ती दगडाला सांगत होती की यंदा सांजोऱ्या जास्त करणार आहे.

अक्काच्या सासरी सहा वर्षं एकही पाहुणा पाखरू उतरलं नाही. मी दारात उभा राहून नाव घेतलं नव्हतं. भिंतीवर दोन फोटो होते. आठ वर्षं जिला न्यायला कोणी आलं नाही, तिने दारात मुराळी बघितला असेल, तर ती पिशवी उचलायला थांबली असेल का?

हे मायला सांगायचं? मी दारापर्यंत गेलो. तिने वळून पाहिलं, केस विंचरलेले, दाताखाली सुपारी. म्हणाली, "काय रे?"

"काही नाही."

६

आखाजीला गल्ली लेकींनी भरली होती. चौकातल्या निंबाला झोका बांधला होता, पोरींची गाणी आमच्या घरापर्यंत ऐकू येत होती. ज्यांच्या घरात वर्षभरात कोणी गेलं, त्यांनी त्या दिवशी दुपारी त्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची असते. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबा ठेवायचा, नाव घ्यायचं. वैशाखातलं ऊन, गेलेल्याला तहान लागते. मी नवी घागर आणली होती. मायने ती उपडी करून ठेवली.

"जी घरमा शे तिनी घागर भरतस का?"

"माय, ऐक ना..."

"घागर भरी म्हंजे ती गयी. माले नही भरनी."

दुपारचे बारा वाजले असतील. माय मागच्या दारात उंबऱ्यावर बसली होती, दार सताड उघडं. हात पुढे करून म्हणत होती, "ये व माय. आखाजी शे. आज तरी घरात ये." अंगणात ऊन एवढं की डोळे उघडवत नव्हते. मी तिच्या मागे उभा होतो. थिरथिरा निंबाखाली होता.

तो निघाला. दगडाच्या दिशेने उड्या मारत गेला. नऊ पावलं, आठ, सात. थांबला नाही. दगडावर चढला, शेपूट थरथरवली, दाणा टिपला. मग दगड सोडून खापराकडे. मग सरळ दाराकडे. अंगणात तो कुठेच अडला नाही. मायच्या पायापासून दोन पावलांवर येऊन तो उभा राहिला.

गेली, मी मनात म्हणालो. अंगण मोकळं झालं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. आणि त्याच वेळी रडूही आलं, का ते सांगता येत नाही.

मग थिरथिऱ्याने मान तिरकी केली. त्याने मायकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. आमच्या दोघांच्या मधून त्याने घरात पाहिलं. शेपूट थांबली. एवढ्या वर्षांत त्याची शेपूट थांबलेली मी पाहिली नव्हती. पुढच्या क्षणी तो कुंपणावर होता, मग नाल्यावर, मग नव्हता.

मी मागे वळलो.

उन्हातून एकदम अंधारात बघताना जेवढं दिसतं तेवढंच दिसलं. मधल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, एक बाई. पाठ आमच्याकडे. अंगावर अक्काची हिरवी साडी होती की माझ्या डोळ्यांवर उन्हाचा हिरवा डाग होता, मी शपथेवर सांगणार नाही. एक हात भिंतीवरून फिरत होता. डाव्या कोपऱ्यात. खाली, मग वर, मग पुन्हा खाली. आंधळा माणूस परक्या घरात काही शोधतो तसा. आमचा माठ उजव्या कोपऱ्यात असतो. माझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे. अक्का डोळे मिटून तिथलं पाणी प्यायची.

हात थांबला. आपल्याकडे कोणी तरी बघतंय हे कळल्यावर माणूस थांबतो तसा.

मी डोळे मिटले. ती वळली की नाही मला माहीत नाही.

"उनी का रे?" मायने विचारलं. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं.

मी उपडी घागर उचलली, बाहेरून घराला वळसा घालून पुढच्या नळावर नेली, भरली, आणली, मागच्या उंबऱ्यावर ठेवली. ठेवताना अर्धं पाणी मायच्या पदरावर सांडलं. आंबा ठेवला. डांगर ठेवलं. आता नाव घ्यायचं होतं. एक घागर, आणि मला दोन नावं माहीत होती. आत तहानलेली होती तिचं नाव घेतलं असतं तर कदाचित ती पाणी पिऊन निघून गेली असती. पण अक्काची वर्षाची पहिली घागर होती. ती दुसऱ्याच्या नावाने भरू? जिला एकदा थांब म्हणालो, तिला पुन्हा थांबवू?

"दिपमाला," मी म्हणालो. "अक्का, पानी पी."

माय माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती ओरडेल, घागर लाथाडेल. ती उठली. माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"माय," मी म्हणालो, "घरात आहे ती अक्का नाही. मी दुसरीच कोणी तरी आणली. माझ्याकडून चुकलं."

चौकात झोक्यावरच्या पोरी हसत होत्या.

"कोनी बी ऱ्हावो," माय म्हणाली. "उनी ना."

आणि आत गेली.

७

आता ज्येष्ठ लागलाय. अंगणात फक्त चिमण्या आहेत आणि त्यांच्यावरून काही कळत नाही. दिवाळीनंतर धोबी येतील, थिरथिरा येईल. ते दाराजवळ उतरतात की नाही ते बघायचं. तोवर मला काही ठाऊक नाही.

माय जेवते. तिचं वजनही भरलंय. आता ती मला विचारत नाही की ती कुठे बसली आहे.

आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी मायने माठ उचलून डाव्या कोपऱ्यात ठेवला. का विचारलं तर म्हणाली, तिले सापडत नही. मी परत उजवीकडे ठेवला. दुपारी बघतो तर डावीकडे. असं आठ दिवस चाललं. शेवटी मीच सोडून दिलं. त्या माठातलं पाणी लवकर संपतं. आम्ही दोघंच आहोत, पण दोनदा भरावा लागतो.

मी पिंप्राळ्याला पुन्हा जाऊन आलो. या वेळी उंबऱ्यात उभा राहून अक्काचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांचं, आडनाव, सगळं. लताबाईंनी दार लावून घेतलं. गाडीचं डावीकडचं दार उघडून मी किती तरी वेळ थांबलो. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

घरी उजवा कोपरा रिकामा आहे. तिथे मी एक तांब्या ठेवतो. सकाळी उठल्या उठल्या भरतो, वर वाटी झाकतो. अक्का आलीच तर तिचा हात आधी तिकडे जाईल, डोळे मिटून. संध्याकाळी वाटी काढून बघतो.

तांब्या काठोकाठ असतो.